चूल एकच शे

आमच्या वाचनालयात पाहुणा आला की आधी पाण्याचा ग्लास यायचा आणि पाठोपाठ सुपडू नाना. "त्या लाल बटनले हात लावू नका," असं ते पाहुण्याला बजावायचे. पाहुण्याने बटणाकडे पाहिलेलंही नसायचं. एकदा तर प्रमुख पाहुण्यांना त्यांनी हार घालायच्या आधीच हे सांगितलं. बिचारे भाषणभर हात पाठीमागे बांधून उभे होते.

वाचनालय धुळ्यात, देवपूरला. मी तिथली ग्रंथपाल. नाना नरडाण्याच्या एका कारखान्यात वायरमन होते. निवृत्त झाले आणि आमच्याकडे रुजू झाले. कुणी बोलावलं होतं असं नाही. अभ्यासिकेतल्या मुलामुलींना फॉर्म भरायला संगणक हवे होते, आणि आमच्याकडे होती ती कुठल्याशा कॉलेजने टाकून दिलेली जुनी यंत्रं. एक सुरू होईपर्यंत चहा होऊन कपही विसळून व्हायचे. नानांनी फर्मान काढलं, आतल्या खोलीत एकच दणकट सर्व्हर ठेवायचा. सगळं काम तो करणार. बाहेरच्या म्हाताऱ्या यंत्रांनी फक्त पडदा दाखवायचा आणि कीबोर्ड पुरवायचा. "याले थिन क्लायंट म्हनतस," ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून मराठीत सांगितलं, "रोडकं गिऱ्हाईक." तरी मला कळेना. तेव्हा आणखी सोपं केलं, "चूल एकच शे, ताई. बाकी बठ्ठा ताटं शेतस."

योजना नामी होती. फक्त चूल रुसली की सगळी पंगत उपाशी. एका बाईंनी भाचीच्या हळदीचा व्हिडिओ लावला आणि सगळे पडदे एकदम गोठले. नाना मात्र निवांत. "वरनले उकळी येवू द्या," म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

त्यांचा जीव त्या सर्व्हरच्या लाल बटणात. वीज जायची तेव्हा दिवे बंद, पंखे बंद, आम्ही उन्हाळ्यात घामाने निथळतोय आणि इन्व्हर्टरवर सर्व्हर तेवढा सुखात घुमतोय. बॅटऱ्यांमध्ये पाणी घालायला नाना सुटीच्या दिवशीही यायचे. "नाना, रात्री तरी बंद करू या," मी म्हणायची. "नही," एवढंच उत्तर.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. खिडकीजवळचं यंत्र. जगातलं काहीही दुरुस्त करणारा हा माणूस त्या एका यंत्रावर "ते खराब शे" अशी पाटी लावून मोकळा झाला होता. मी येता-जाता टोमणे मारायची आणि नानांना नेमकं तेव्हाच ऐकू यायचं नाही.

त्या जागी पूर्वी रुखमाअक्का बसायच्या, नानांच्या मंडळी. दुपारी डबा घेऊन यायच्या. कळण्याची भाकरी, भरीत, वर मिरचीचा ठेचा. नाना जेवेपर्यंत अक्का त्या यंत्रावर एकटीने खेळायचे पत्ते लावत. डाव अडला की खुशाल पत्ता मागे घेत. नानांना तो अधर्म वाटायचा. घास हातात धरून ते ओरडत, "टाकेल पत्ता मांगे लेवाना नही." अक्का मान न वळवता म्हणत, "तुम्ही जेवा."

गेल्या वर्षी अक्का अचानक गेल्या. दुखवट्याच्या दिवसांत नानांचा मला रोज फोन. "लाल बटन?" "चालू आहे, नाना." फोन बंद. लोक म्हणाले, बायको गेली आणि याला यंत्राचं पडलंय.

यंदा सर्व्हर कुरकुरायला लागला. भरतीचे फॉर्म सुरू होते, आणि एका मुलीचा भरत आलेला फॉर्म डोळ्यांदेखत उडाला. अध्यक्ष भाऊंनी नवा सर्व्हर आणून ठेवला. नानांनी आधी अमावस्या सांगितली, मग पितृपक्ष. त्यानंतर नव्या डब्याचा रंगच बरा नाही म्हणाले. शेवटी भाऊ म्हणाले, "नाना, ती पोरगी रडत घरी गेली. आता पुरे."

रविवारी वाचनालय बंद असताना आम्ही तिघं जमलो. भाऊंनी लाल बटणाकडे हात नेला.

"थांबा, भाऊ," नाना म्हणाले आणि खिडकीजवळ गेले. पाटी काढून त्यांनी ते 'खराब' यंत्र सुरू केलं. ते लगेच सुरू झालं. पडद्यावर पत्त्यांचा अर्धा लावलेला डाव होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरचं यंत्र बंद केलं तरी डाव आत सर्व्हरवर तसाच राहतो. सर्व्हर बंद झाला की संपला. आणि अक्का त्या शेवटच्या दुपारी उठताना काय म्हणाल्या होत्या ते मी काउंटरवरून ऐकलं होतं, "डाव मोडू नका, सकाये येसू." सकाये म्हणजे उद्या.

नाना अक्कांच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. दोन-चार पत्ते लावले आणि अडकले. मग त्यांनी पत्ता मागे घेतला. त्यांनी लावलेले पत्ते संपले तरी थांबले नाहीत. आता अक्कांनी लावलेला एकेक पत्ता मागे आपल्या जागी जाऊ लागला.

"हाऊ तिन्हा," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने, "हाऊ बी तिन्हाच."

मला रडू आवरेना. भाऊ बाहेर गेले आणि उगाच चपला सरळ करत बसले. नाना मागे जात राहिले. त्या दुपारी अक्कांनी जे जे केलं, ते सगळं त्यांनी उलट्या क्रमाने पाहिलं. शेवटी नुसता वाटलेला डाव उरला, अक्कांचा हात लागायच्या आधीचा.

मग ते उठले, आत गेले आणि लाल बटण त्यांनी स्वतः दाबलं. पंख्याची घरघर थांबली. भाऊ नवा सर्व्हर घेऊन दारात ताटकळले होते. नाना जुन्या डब्यावर हात ठेवून उभे होते, तो गार होईपर्यंत.