पळसाच्या बरण्या

होळीच्या आदल्या दिवशी पुलाअलीकडच्या नाक्यावर कुलदीप दुर्गेची मोटारसायकल अडवली गेली, तेव्हा त्याच्या पिशवीत पळसाची फुलं होती. नुसती फुलं असती तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. होळीला रंग करायला अर्धा गडचिरोली जिल्हा पळस तोडत असतो. पण ही फुलं काचेच्या बरण्यांत होती, बरण्यांत नारिंगी पाणी होतं आणि त्या पाण्याला दारूचा वास होता. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पुलापलीकडच्या जिल्ह्यात नाही. त्यात होळीचा बंदोबस्त.

"काय जी सर, देशी संत्रा?" हवालदार धनराजनं एक झाकण उघडून सरळ नाक आत घातलं. दुसऱ्या क्षणाला तो मागे सरला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "बाप्पा! लय कडक हाय!"

"वास नका घेऊ! फॉर्मॅलिन आहे त्यात."

"हा कोनता ब्रँड निघाला नवीन?"

धनराज त्याला सर म्हणायचा, कारण धनराजची मुलगी नदीपलीकडे गोंडपिपरीच्या एका कॉलेजात शिकत होती आणि कुलदीप तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी माणूस. शिकवला तेवढा तास आपला, उन्हाळा लागला की आपण कोणी नाही. शिपायाला ओळखपत्र असतं, तासिकावाल्याला नसतं. कुलदीपच्या डोक्यावरचे अर्धे केस याच तत्त्वानं नेले होते. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि विद्यापीठानं त्याला निक्षून कळवलं होतं की ही शेवटची मुदतवाढ, यापुढे नाव कटलं.

पीएचडीचा विषय पळसाचा गोडवा. हसू नका. लहानपणी ज्यानं पळसाचं फूल देठाकडून चोखलं नाही तो आमच्या झाडीपट्टीतला नव्हेच. पण तो रस येतो कुठून, हे कोण विचारतो? फुलाच्या बुडाशी ग्रंथीचं एक बारीक कडं असतं. त्या कड्यातल्या पेशी कळी मिटलेली असेपर्यंत पिठासारखा स्टार्च जमवत बसतात, आणि उमलायच्या पहाटे सगळ्या साठ्याची साखर करून बाहेर ओतून देतात. मग त्या रिकाम्या. त्यांच्याकडे ना पाखरू पाहत, ना माणूस. कुलदीपला त्या पेशी नेमक्या त्याच पहाटेच्या हव्या होत्या. फूल तोडल्याबरोबर अल्कोहोल आणि फॉर्मॅलिनच्या पाण्यात बुडवलं की पेशी आहे त्या स्थितीत थिजतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची सगळी कामगिरी दिसते.

गाईड मॅडमनी बजावलं होतं की शेतातली झाडं चालणार नाहीत, त्यांच्यावर फवारणी होते. म्हणून हा बाबा आलापल्लीच्या जंगलात अंधारात झाडावर चढला, लाल मुंग्यांनी फोडून काढला, आणि फुलं बरण्यांत भरून, बायको रोशनीच्या जुन्या शालीत गुंडाळून कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे निघाला. पळसाचा बहर सरत आला होता. या बरण्या म्हणजे त्याची नोकरी होती.

"सर, मले माहीत हाय तुमी तसे नाई," धनराज डोळे पुसत हळूच म्हणाला. "होळीचा रंग हाय म्हणा. मी सोडून देतो."

"पण तो रंग नाही ना, धनराजभाऊ."

"अवं, म्हणाले काय जाते? एक बरणी ओता माया अंगावर. चार लोकायनं पायलं की झालं, रंगच होता. बाकीच्या घेऊन जा."

दुसरा कोणी असता तर धनराजला नखशिखांत भिजवून घरी गेला असता. पण एका बरणीत एका झाडाच्या कळ्या, आणि एक झाड गेलं तर अभ्यास लंगडा. शिवाय कुलदीपला सत्य बोलायची खोड होती. ही खोड पक्क्या नोकरीवाल्यांना शोभते.

"अंगावर नका घेऊ!" तो ओरडला. "कातडी जळेल!"

धनराज दोन पावलं मागं झाला. "म्हंजे विष हाय?"

"हो. म्हणजे प्यायलं तर विषच."

जमलेल्या लोकांनी ते ऐकलं. विषारी दारू! आता धनराजच्याही हातात काही उरलं नाही.

ठाणेदार साहेब नवीन होते, पुण्याकडचे. त्यांनी ठाण्यात बरण्या टेबलावर मांडल्या आणि एकेक उचलून उजेडात धरली.

"इथं आल्यापासून दारू आत येताना पाहिली," ते म्हणाले. "बाहेर जाताना पहिल्यांदा पाहतोय. म्हणजे तुम्ही इथं बनवता आणि तिकडं विकता."

"साहेब, तिकडे दुकानात उघडी मिळते. माझी कोण घेईल?"

"तेच म्हणतो मी! दुकानं उघडी असताना लोक तुमची घेतात, म्हणजे माल काय असेल!"

कुलदीपनं ग्रंथी सांगितल्या, पेशी सांगितल्या, स्टार्चची साखर कशी होते तेही सांगितलं. साखर म्हटल्याबरोबर साहेबांनी मान डोलावली. "हां. साखरेशिवाय दारू होतच नाही."

"माझ्या प्राचार्यांना विचारा, साहेब. ते सांगतील."

साहेबांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. प्राचार्यांनी आधी पोलीस, मग दारू, मग विष हे शब्द ऐकले आणि त्यांची मराठी एकदम शुद्ध झाली. "आमच्या मंजूर कर्मचाऱ्यांमध्ये या नावाची कोणतीही व्यक्ती नाही."

तसं ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. याच माणसानं काल त्याला सुट्टी घेतलेल्या दोन प्राध्यापकांचे तास घ्यायला लावले होते, तेव्हा तो व्यक्ती होता.

"लिहा पंचनामा," साहेबांनी हुकूम सोडला. धनराज लिहायला बसला आणि दारूचा प्रकार काय लिहावा इथंच अडला. देशी म्हणावी तर लेबल नाही, हातभट्टी म्हणावी तर फुलं तरंगून राहिलेली. तो पेन चावत बसला, आणि तेवढ्यात बाहेर घोषणा ऐकू आल्या.

ठाण्यात दोन माणसांना सगळे घाबरत. एक जिल्ह्याचे मोठे साहेब आणि दुसऱ्या मीराबाई दुर्गे, दारूबंदी महिला समितीच्या अध्यक्ष. कुलदीपची आई. दारूनं नवरा गेला त्या वर्षी बाईनं पंचशील म्हणत म्हणत घरातला दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा नालीत ओतला होता, आणि मग गावोगावची मडकी फोडत सुटली होती. पण बाई नियमाची पक्की. आधी कागद, मग काठी. पंचनामा झाला, पंच म्हणून तिची सही झाली, की मगच तिची काठी उठायची. मोठे वकीलही तिच्या केसमध्ये फट शोधून थकले होते.

नाक्यावर विषारी दारूवाला सापडला एवढंच तिला कळलं होतं. पोलिसांना घालायला हार घेऊन ती बायांसकट आत आली, आणि बाकावर बसलेला आपला मुलगा पाहून उभीच राहिली.

"माय, ऐक..."

"दारू हाय का त्याच्यात? हो का नाई, तेवढं सांग."

"अल्कोहोल आहे, पण ते..."

"तुवा माल हाय?"

"माझाच आहे, पण माय..."

मीराबाईनं हार धनराजच्या हातात दिला, पदर खोचला आणि काठी उचलली.

"बाई, थांबा! आधी कागद!" साहेब ओरडले.

पहिल्या फटक्यात तीन बरण्या गेल्या. कुलदीप मधे धावला, त्याला बायांनी धरलं. "सोडा मले! माझं आयुष्य आहे ते!" तो ओरडत होता. "सारे बेवडे हेच म्हणतेत," एक बाई म्हणाली. दुसऱ्या फटक्यात टेबल साफ झालं. आलापल्लीची सारी पहाट फरशीवर पसरली आणि कपाटाखाली वाहत गेली.

मग फॉर्मॅलिन उठलं. साहेबांच्या डोळ्यांना धार लागली. धनराज हारात तोंड खुपसून रडायला लागला. बाया रडल्या, कोठडीतला चोर रडला. रस्त्यावरून पाहणाऱ्यांना वाटलं, दारू फुटली म्हणून अख्खं ठाणं छाती बडवून राहिलं आहे. कुलदीपही रडत होता, पण त्या गर्दीत त्याचं वेगळं काही दिसलं नाही.

सगळे बाहेर आवारात येऊन खोकले. साहेबांनी तोंडावर पाणी मारलं. "पंचनामा नाही, मुद्देमाल नाही," ते वैतागून म्हणाले. "केस कशावर करू? घेऊन जा तुमच्या मुलाला." बायांनी मीराबाईचा जयजयकार केला. पोटच्या पोराला सोडलं नाही, अशी माय होणे नाही! तो हार शेवटी तिच्याच गळ्यात पडला. धनराजनं जाता जाता कुलदीपच्या खांद्यावर हात ठेवला. "पळस काय जी, पुढच्या साली पुना फुलते."

पळसाला पुढचं साल होतं. कुलदीपच्या नावाला नव्हतं.

घरच्या वाटेवर माय मागच्या सीटवर काठी आडवी धरून बसली होती. कुलदीपच्या मनात आग होती. तत्त्व मोठं, पोरगा लहान, असंच ना? वळणावर, जिथं पळसाखाली शेवटच्या फुलांचा सडा पडला होता, तिथं ती म्हणाली, "गाडी थांबव."

उतरून तिनं आधी मागंपुढं कोणी नाही ते पाहिलं. "कवापासून करून राह्यला हे?"

"काय?"

"दारू, अजून काय? तुवा बापही फुलं घालून काढे. विचारलं तं म्हणे, औषध हाय."

"माय, ती दारू नव्हती! माझं पीएचडीचं काम होतं ते. तुला कितीदा सांगितलं, पळसाच्या पेशी..."

"सांगतलं बाबा, सांगतलं. तुवा बापही लय सांगे."

कुलदीपनं गाडी स्टँडला लावली. "मग बरण्या फोडल्या कायले?"

"तं काय करू?" मीराबाईचा आवाज फुटला. "कागद झाला असता तं तू जेलात गेला असता. आजपावतर कागदाच्या आधी काठी उचलली नाई मीनं. कोणासाठी नाई. आज उचलली, तुले वाचवाले. अन् त्या बाया मले इमानदार म्हणून हार घालून राहिल्या होत्या. मेल्याहून मेली मी तिथं."

तिनं गळ्यातला हार काढला आणि पळसाच्या बुंध्याशी ठेवला.

कुलदीपला खूप काही सांगायचं होतं. पण ठाणेदाराला सांगून झालं होतं, मायला तर कितीदा सांगून झालं होतं, आणि आता सांगण्यासारखं बरण्यांत काही उरलं नव्हतं.

"माया गळ्याची शपथ घे," ती म्हणाली. "पुना त्या फुलाले हात लावणार नाई म्हण."

त्यानं वर पाहिलं. फांद्या उघड्या पडल्या होत्या.

"नाही लावणार, माय."

मीराबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "चल. सकाळी तास असन ना तुवा?"

सकाळचा तास होता. प्राचार्यांचा निरोप केव्हाच येऊन पडला होता, वेळेवर या म्हणून.

त्या दिवसापासून कुलदीपनं पळसाला हात लावला नाही. पोरगा एका शब्दात सुधरला, असं मीराबाई आजही गावोगावच्या सभेत सांगते, आणि बाया टाळ्या वाजवतात.