न्हाणीघराकडे उतार

गाडी सपाट उभी करणं म्हणजे मिस्त्रींच्या डाव्या हातचा मळ! चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवलेला माणूस. त्याला सपाटी कुणी शिकवावी? जावयाने शिकवली. पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि गॅसवरचा फ्रीज असलेली आपली राहती गाडी सासऱ्यांच्या ताब्यात देताना त्याने तीनदा बजावलं, की गाडी कलती राहिली तर फ्रीज गार होत नाही. वर सपाटी बघायला पाणसळही पुढे केली. मिस्त्रींनी ती त्याच्याच हातात परत ठेवली.

सगळी सहल त्या फ्रीजवर टांगलेली होती. बायकोच्या सांध्यांची इंजेक्शनं त्यात होती. रोज एक, अशी आठ. ऊब लागली की ती फेकायची आणि तडक घर गाठायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. छत्तीस वर्षं मिस्त्री "एवढं काम संपलं की जाऊ" म्हणत आले होते, तेव्हा आता कुठे तळ्याकाठी आठ दिवसांचा योग आला होता.

तळ्याकाठची जमीन उंचसखल निघाली. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. पुढच्या चाकाखाली दोन फळ्या, मागच्याखाली एक. चढले, डोळा बारीक केला, उतरले, फळी बदलली, पुन्हा चढले. सूर्य मावळतोय, येऊन बसा, असं बायको दोनदा म्हणाली तेव्हा ते गाडीखाली पालथे होते. तिने खुर्ची पाण्याकडे वळवली आणि एकटीनेच चहा घेतला. अंधार पडता पडता मिस्त्रींनी आतली जमीन तळव्याने चाचपली आणि काम फत्ते झाल्याचं जाहीर केलं.

सकाळी फ्रीज उघडला, तर आत कपड्यांच्या कपाटासारखी ऊब! मिस्त्रींनी आधी फ्रीजचा उद्धार केला, मग तो बनवणाऱ्याचा, मग फोन लावून जावयाचा. गाडी नक्की सपाट आहे ना, असं त्याने भीत भीत विचारलं आणि त्यावर वीस मिनिटं ऐकून घेतलं.

बायकोने तोवर पेलाभर पाणी जमिनीवर ओतलं. ते पलंगाच्या कडेने निघालं, शेगडीपाशी वळलं आणि शहाण्या मुलासारखं थेट न्हाणीघराच्या जाळीत गेलं. मागे थेंब राहिला नाही.

"वा, काय निचरा झालाय," मिस्त्री बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. जन्मभर प्रत्येक न्हाणीघराला जाळीकडे उतार देणाऱ्या हातांनी इथे अख्ख्या गाडीला इमानेइतबारे उतार दिला होता. डोळ्यांनाही तोच सपाट वाटला होता.

"अहो, पाणी काढायचं नव्हतं," ती म्हणाली. "फ्रीज चालवायचा होता."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती गुडघे धरून पसारा आवरायला लागली, आणि मिस्त्रींना स्वतःची फार लाज वाटली.

परतीच्या चढावर तळं पुन्हा दिसलं, उन्हात काठोकाठ भरलेलं. मिस्त्रींचा पाय ब्रेकवर गेला. घटकाभर थांबू या, म्हणाले, काल माझ्यामुळे राहूनच गेलं.

बायको काचेतून पाण्याकडे बघत राहिली.

"चालू द्या गाडी," ती म्हणाली. "थांबलात की तुम्ही फळ्या घेऊन खाली उतराल, आणि मी परत एकटीच बघत बसेन."

मिस्त्री गाडी हाकत राहिले. तिचं काय चुकलं होतं? चाकाखाली बसेल असा रस्त्याच्या कडेचा एक चांगला चपटा दगड त्यांनी केव्हाच हेरून ठेवला होता.