गळका नळ आणि खरा संशयित

रहस्यपट एकाच तत्त्वावर उभा असतो: जो माणूस सरळ बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. खरं काय ते दारामागच्या सावलीला, अर्ध्यावर तुटलेल्या फोनला आणि कॅमेरा कारण नसताना जिच्यावर रेंगाळतो त्या वस्तूला ठाऊक असतं. (घरात मांजर असेल तर त्यालाही.)

आमचे पटकथालेखक या शास्त्रातले दादा. त्यांची नायिका तळघरात एकटीच जाते आणि दिवा लावत नाही. खलनायक पिस्तूल रोखून सगळा कट सविस्तर समजावून सांगतो, तोवर पोलिसांना गाडी लावायला जागा मिळते. त्यांच्या चित्रपटांत विजेचं बिल भरलेलं एकही घर नाही, अशी टीका होते. ते तिला दाद समजतात.

सोमवारी चहा पिताना बायको म्हणाली, "हे बघ, शनिवारी मी ताईकडे चाललेय. कायमची. तू माझं ऐकतच नाहीस. थकले मी आता."

लेखकांनी मान डोलावली. इतकं स्पष्ट, तेही पहिल्याच प्रसंगात? म्हणजे नक्कीच दिशाभूल.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला प्लंबर आला. तो हसतमुख होता (संशयास्पद), सांगितलेल्या वेळी आला होता (अत्यंत संशयास्पद), आणि त्याच्या काळ्या पिशवीची चेन अर्धीच लावलेली होती. झालं! लेखक आठवडाभर त्या पिशवीच्या मागे हात धुऊन लागले. बायको कपाट रिकामं करत होती, तेव्हा ते पडद्याआडून त्या प्लंबरच्या रस्त्यापलीकडच्या दुकानावर पाळत ठेवून होते.

"जरा माळ्यावरची सूटकेस काढून देतोस?" तिने विचारलं.

त्यांनी काढून दिली. वर "आवाज करू नकोस" असंही बजावलं.

शनिवारी ती निघाली. दारात थांबून तिने त्यांच्याकडे पाहिलं. पार्श्वसंगीत वाजलं नाही, त्यामुळे प्रसंग महत्त्वाचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी सवयीने त्यांनी दोघांचा चहा टाकला. कप मात्र एकच सापडला. मग ते ओट्याला टेकून खालीच बसले.

"सांगितलं होतं की रे तिने," ते स्वतःलाच म्हणाले. "चांगलं तोंडावर सांगितलं होतं."

प्लंबर नळ दुरुस्त करायला आला होता, दुरुस्त करून गेला होता. पिशवीत पाना होता.

लेखकांना हसू नका. बायको काय म्हणाली ते तुम्हीही ऐकलं होतं, तरी शनिवारपर्यंत तुमचा डोळा त्या पिशवीवरच होता. बरं, आज सकाळी चहा पिताना तुमच्या घरी कोण काय म्हणालं, आठवतंय का?