शेवटून पहिले परसरामभाऊ

परसरामभाऊ इंगळे कुठल्याही दारातून सगळ्यांच्या शेवटी आत जातात. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो की बँक, ते आधी दाराच्या बाजूला उभे राहतात, उजवा हात आडवा धरतात, मागून येणाऱ्यांना पुढे काढतात, रस्त्याकडे दोन्ही बाजूंनी एकदा पाहतात, आणि मग स्वतः आत शिरून दार लावून घेतात. बँकेत एकदा त्यांनी असे अकरा जण आत सोडले आणि बारावे टोकन घेतले. अकरांपैकी सात जण त्यांच्या नंतर आलेले होते.

“आंधी फाटक, मंग गाडी,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

मी दारव्ह्यात त्यांच्या शेजारी राहतो आणि पेपरला गावच्या बातम्या देतो. त्यांच्या पत्नी मंगलाकाकूंचे या सवयीबद्दल वेगळे मत आहे. “घरात चोर आला तं हे त्याले आंधी आत घेतीन, मंग कडी लावतीन,” असे त्या म्हणतात. स्वतःच्या लग्नातही भाऊ मांडवात वऱ्हाडाच्या मागून आले. तोवर अंतरपाट धरून दोघांचे हात दुखायला लागले होते.

याचे कारण नोकरी. आमच्या गावावरून पूर्वी छोटी गाडी जायची. तिला घाई नव्हती आणि तिच्या फाटकांवर माणसे नव्हती. त्यामुळे फाटकवाला गाडीतच बसून फिरे. फाटक आले की गाडी थांबे. परसरामभाऊ उतरत, रस्ता बंद करत आणि शिटी देत. गाडी फाटक ओलांडून पुन्हा थांबे. मग भाऊ फाटक उघडत, खोळंबलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सोडत, आणि हिरवी झेंडी काखेत मारून पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढत. थोड्या वेळाने पुढचे फाटक येई. सगळी नोकरी अशी चढण्या-उतरण्यात गेली. पुढे भाऊ निवृत्त झाले, गाडी बंद पडली, रूळही उचलले गेले. हात आडवा धरणे तेवढे राहिले.

बोलणेही राहिले. बाजारात जाणे म्हणजे ‘अप’, पिशवी भरून परत येणे म्हणजे ‘डाऊन’. जेवायला उशीर करणारा पाहुणा ‘आउटरले उभा हाय’, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला अडकलेला.

गेल्या वर्षी रूळ उचललेल्या पट्ट्यावर फिरायची वाट करायचे ठरले. वाट कोणी कधी वापरायची, यासाठी शाळेच्या सभागृहात बैठक झाली. पायी फिरणाऱ्यांच्या वतीने निवृत्त मुख्याध्यापक गावंडे सर बोलले. सायकलवाले घंटी वाजवत नाहीत आणि वाजवली तर छातीत धस्स होते, असे त्यांचे म्हणणे होते. सायकलवाल्यांच्या वतीने दातांचे डॉक्टर राऊत बोलले. फिरणारे चौघे-चौघे आडवे चालतात, हा मॉर्निंग वॉक आहे की मोर्चा, असे त्यांनी विचारले. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत झाले. वाटेवर शेळ्या नकोत.

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवरून शेवंताबाई राठोड उठल्या. त्या तांड्यावरून रोज शेळ्या घेऊन याच पट्ट्याने जातात.

“माह्या बकऱ्या लाईनीवर तुमच्या बुटाईच्या आंधीपासून हायेत,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

परसरामभाऊ शेळ्यांची बाजू घेणार नाहीत, असे सगळ्यांना वाटले. कारण गाडीच्या दिवसांत शेवंताबाईंशी त्यांचे रोजचे भांडण. शेळ्या रुळावर बसत, भाऊ झेंडीने हाकलत, आणि बाई म्हणत, “ओरडता कायले? तुमच्या गाडीपरस माही लंगडी बकरी आंधी पुढच्या टेसनावर पोचते.”

भाऊंनी खिशातून कॅलेंडरचे जुने पान काढले. पाठीमागे पट्टीने आखलेले वेळापत्रक होते. पायी फिरणारे ‘पॅसेंजर’, साडेपाच. सायकली ‘एक्स्प्रेस’, सव्वासहा. शेळ्या ‘मालगाडी’, सहा पन्नास.

“आम्ही पॅसेंजर?” गावंडे सर म्हणाले.

“पॅसेंजर हरेक टेसनावर थांबते, सर. तुमीबी थांबता. बोलाले.”

हशा झाला आणि त्या हशातच वेळापत्रक मंजूर झाले. आराखडा करणाऱ्या इंजिनिअर वैद्य मॅडमनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. फक्त शेवटच्या ओळीपाशी त्यांचे पेन थांबले. तिथे लिहिले होते : ‘फाटकापलीकडं पांढऱ्या दगडापाशी समद्यांनी थांबावं. फाटकवाला आल्याबिगर कोनी पुढं जाऊ नये.’

शेताकडचा रस्ता जिथे या वाटेला आडवा जातो, तिथले जुने लोखंडी फाटक आराखड्यात काढून टाकायचे होते. रस्त्यावर गतिरोधक आणि दोन पाट्या पुरेशा आहेत, असे मॅडमनी समजावून सांगितले.

“फाटक मी लावीन,” भाऊ म्हणाले. “पगार नाही पाह्यजे.”

“पण फाटक लावलंत तरी लोकांनी पलीकडे थांबायचं कशासाठी?”

भाऊंनी पान दुमडले. पुन्हा दुमडले.

“नियम हाय,” ते म्हणाले.

शेवटी एका रविवारी चाचणी घ्यायचे ठरले. लोक थांबले तर फाटक राहील, नाही तर भंगारात जाईल. भाऊंनी आठ दिवस बिजागऱ्यांना तेल दिले, दगडाला चुना लावला, आणि घरोघर जाऊन नियम सांगितला. सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

रविवारी साडेपाचला आम्ही चौदा जण निघालो. फाटकाशी भाऊ खाकी सदऱ्यात उभे होते. त्यांनी रस्ता बंद केला, शिटी दिली, आम्ही पलीकडे गेलो. गावंडे सर आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे सांगत होते आणि ऑपरेशन ऐन रंगात आले होते. दगड कधी मागे पडला ते कळले नाही. वळणावर आठवण झाली तेव्हा मी मागे पाहिले. भाऊंनी फाटक उघडले, दोन ट्रॅक्टर सोडले, आणि झेंडी काखेत मारून दगडापर्यंत पळत आले. दगडापाशी कोणी नव्हते. ते क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा फाटकाकडे गेले. एक्स्प्रेसची वेळ होत आली होती.

मी परत फिरलो. बातमी पूर्ण करायची होती.

सायकली अर्ध्या मिनिटात निघून गेल्या. डॉक्टर राऊतांनी जाता जाता हात हलवून आभार मानले. या वेळी भाऊ अधिक जोरात पळाले, गाडी एक्स्प्रेस होती म्हणून असेल. दगडापाशी कोणी नव्हते. वैद्य मॅडमनी वहीत नोंद केली आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, राहू द्या आता.”

“मालगाडी बाकी हाय,” भाऊ म्हणाले.

सहा पन्नासला शेळ्या आल्या. भाऊंनी रस्ता बंद केला, शिटी दिली, शेळ्या गेल्या. मग त्यांनी फाटक उघडले, खोळंबलेली एक मोटरसायकल सोडली, आणि ते निघाले. या वेळी ते पळाले नाहीत. खाली पाहत चालत होते.

“पळा ना!” समोरून आवाज आला. “आंधी तं लय पळत होते!”

शेवंताबाई दगडापाशी काठी आडवी धरून उभ्या होत्या. काठीमागे सगळ्या शेळ्या.

“काहून थांबली वं बाई? जाय ना, टाइम होऊन राह्यला.”

“तुमाले घेतल्याबिगर गाडी कधी गेल्ती काय?” मग त्या मॅडमकडे वळल्या. “ह्या गाडीत पाटील बसे, सायेब बसे. त्याईच्यासाठी नाही थांबली कधी. ह्याईच्यासाठी थांबे. हरेक फाटकाले. समदे पाशिंजर खिडकीतून मान काढून पाहत, आला का परसराम, आला का.”

मॅडमनी भाऊंकडे पाहिले. भाऊ तिकडे पाहत नव्हते.

“एक बकरी तुरीत घुसली,” ते म्हणाले आणि शेतात उतरले. शेळी तुरीच्या कडेलाच होती. तिला आणायला त्यांना बराच वेळ लागला.

तीन गाड्यांपैकी दोन थांबल्या नव्हत्या, म्हणून ठरल्याप्रमाणे फाटक गेले. ‘फाटकाची चाचणी अयशस्वी’ अशी चार ओळींची बातमी मी दिली. तीत चूक काही नव्हती.

आता वाट सुरू झाली आहे. पायी फिरणारे सव्वासहालाही वाटेवरच असतात आणि सायकलवाले घंटी वाजवत नाहीत. सहा पन्नासची वेळ तेवढी पाळली जाते. भाऊ रस्त्यावर उजवा हात आडवा धरून उभे राहतात. गतिरोधकामुळे ट्रॅक्टर तसेही हळू होतात. शेळ्या पलीकडे जातात आणि दगडापाशी थांबतात. आता काठी आडवी धरावी लागत नाही. भाऊ हात खाली करतात, ट्रॅक्टर सोडतात, दोन्ही बाजूंना पाहतात आणि पळत निघतात. वय झाले आहे, त्यामुळे पोचायला वेळ लागतो.

“हां, चढलो,” ते म्हणतात, आणि शेळ्या चालायला लागतात.