घरातला अनाडी आदमी

घरात काही बिघडलं की ‘रविवारी बघतो’ म्हणायला काहीच लागत नाही. मी तर धंद्यानेच पंख्या-कूलरच्या मोटारींत नवी तार भरणारा. चंदीगडला बावीस सेक्टरच्या बाजारात माझं वाइंडिंगचं दुकान आहे, आणि अर्ध्या शहराच्या जळलेल्या मोटारी माझ्या हातून पुन्हा फिरायला लागतात. (उरलेल्या अर्ध्या अजून जळलेल्या नाहीत.) तेव्हा मे महिन्यात आमचा कूलर घरघरायला लागला, तसा मी ऐटीत म्हणालो, “रविवारी बघतो.”

आणि बघितलाही. पण हत्यारं दुकानात, म्हणून भाजीच्या सुरीने स्क्रू काढले. टेप नव्हती, म्हणून आमच्या मुलीच्या, रागिणीच्या गुडघ्यासाठी आणलेली जखमेची चिकटपट्टी तारेच्या सांध्याला गुंडाळली. कूलर सुरू झाला, ‘फट्’ म्हणाला आणि कायमचा गप्प बसला.

“पुढच्या रविवारी नीट बघतो,” मी म्हणालो.

असे चार रविवार गेले.

“अहो, सोळा तारखेला अण्णा येताहेत. लक्षात आहे ना?” नलिनीने विचारलं.

लक्षात न ठेवून सांगतो कुणाला! अण्णा म्हणजे माझे सासरे, साताऱ्याचे निवृत्त मामलेदार. मी इथल्या बदलीवर असतानाच सरकारी नोकरी सोडून दुकान टाकलं, तेव्हा त्यांनी पत्र पाठवलं होतं: ‘मुलगी सरकारी नोकराला दिली होती, तारा गुंडाळणाऱ्याला नव्हे.’ त्यानंतर सात वर्षांनी ते प्रथमच येणार होते, जावयाचं कसं काय चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. या वेळी त्यांच्यासमोर नाक कापून घ्यायची माझी मुळीच तयारी नव्हती.

“त्याआधी कूलर चालू. एकदम पक्का!”

“पापा, आप हर बार पक्का बोलते हो,” रागिणी म्हणाली. (तिला मराठी सगळं समजतं, टोमणे मात्र हिंदीत मारते.)

दहा तारखेला घरी आलो तर कूलरची जागा रिकामी.

“दिला दुरुस्तीला,” नलिनी म्हणाली. “कुठे ते विचारू नका. तिथे जाऊन भांडाल.”

“मोटारवाल्याच्या बायकोने दुसऱ्याकडे कूलर द्यायचा? लोक काय म्हणतील?”

“म्हणतील ते म्हणू देत. निदान गारव्यात बसून ऐकू.”

मी जेवताना कढी दुसऱ्यांदा मागितली नाही. इतका मी दुखावलो होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मनीमाजऱ्याचे हरबन्ससिंग स्कूटरवर पोतं लादून आले. ते कूलरच्या पेट्या दुरुस्त करतात आणि जळलेल्या मोटारी माझ्याकडे देतात, हा आमचा जुना रिवाज.

“जोशी साब, चार मोटरां हैं. परसों तक पक्का!”

तिसरी मोटार उघडली आणि मला हसूच फुटलं. स्क्रूंची डोकी पार झिजलेली, आणि तारेला चक्क जखमेची पट्टी! (तुम्ही ओळखलंत. मी नाही ओळखलं. दुसऱ्याच्या मूर्खपणाला हसताना स्वतःचा कुठला आठवायला?) मी ती मोटार अगदी मन लावून भरली आणि लोककल्याणासाठी तिला एक चिठ्ठी बांधली: ‘मोटर नई जैसी कर दी है। घर में जो अनाड़ी आदमी है, उसे हाथ मत लगाने देना।’

सोळा तारखेला दुकानातून घरी आलो. अण्णा बनियनवर कूलरसमोर बसले होते. ओल्या वाळ्याचा वास घरभर दरवळत होता. कूलरच्या पेटीवर हरबन्ससिंगांनी इमानाने चिकटवलेली चिठ्ठी अण्णा मोठ्याने वाचत होते. अक्षर माझंच होतं.

“वा! नुसती मोटार बघून घरातला माणूस ओळखला,” अण्णा म्हणाले. “नलू, कारागीर असावा तर असा. अशा माणसाने नोकरी सोडून दुकान टाकलं असतं, तर मी एक शब्द बोललो नसतो.”

हे मात्र मला सहन होईना.

“अण्णा, ती मोटार मी भरलीय! चिठ्ठीही माझीच!”

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कचेरीत उलटतपासणी घ्यावी तसं विचारलं, “चिठ्ठी तुमची. मोटार तुमची. मग जावईबापू, हा अनाडी आदमी कोण?”

“वो भी पापा!” रागिणीने साक्ष दिली.

अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हात चांगला आहे हो तुमचा. नोकरी सोडलीत ते बरंच केलंत.” सात वर्षं ज्याची वाट बघितली ते ऐकून मला खरंच भरून आलं.

“फक्त,” ते पुढे म्हणाले, “तो हात घरी चालवू नका.”

चिठ्ठी अजून कूलरवर आहे. गेल्या आठवड्यात टेबलफॅन बंद पडला. मी सवयीने म्हणालो, “रविवारी बघतो.” बुधवारी हरबन्ससिंगांच्या पोत्यातून तोच फॅन माझ्या दुकानात आला. या वेळी चिठ्ठी नलिनीच्या अक्षरात होती: ‘मिस्त्रीजी, हमारे घर के रविवार का भरोसा नहीं। परसों तक दे दीजिए।’

मी दुसऱ्याच दिवशी दिला.