शिंप्याच्या दारातलं खिंडार

जिथे पूर्वी काहीतरी घडलं आणि आता काहीच घडू द्यायचं नाही, अशा गावाला ऐतिहासिक गाव म्हणतात. आमचं गाव या बाबतीत आदर्श आहे. माणसं साधी, प्रेमळ आणि किंचित वाकलेली. पाहुण्यांना तो विनय वाटतो. (दारं छातीएवढीच उंच आहेत आणि ती वाढवायला बंदी आहे.)

बंदी वारसा जतन समितीची. तिचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. गावाच्या जुनेपणावर त्यांचं इतकं प्रेम, की त्याला आपला धक्का लागू नये म्हणून त्यांनी स्वतःचं घर वेशीबाहेर बांधलं. सिमेंटचं, उंच दारांचं.

मागच्या हिवाळ्यात शिंप्याची आई घरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, "आजींना वाकवू नका. फळीवर आडवं ठेवून दवाखान्यात आणा." आता, शत्रूला सरळ आत शिरता येऊ नये म्हणून पूर्वजांनी दाराच्या आत लगेच आडवी भिंत घातली होती. शत्रू काही आला नाही, पण फळी वळेना.

शिंपी धावत अध्यक्षांकडे गेला.

"गुरुजी, चौकट काढावी लागेल. थोडी भिंतही. आई कण्हतेय."

"आईंची काळजी आम्हालाही आहे," गुरुजी म्हणाले. "पण चौकट गावाची आहे. सोमवारी बैठक लावतो. तोवर त्यांना धीर धरायला सांग. त्यांच्या पिढीकडे तो भरपूर असतो."

शिंपी घरी आला. आईने ओठ दातांखाली धरले होते. त्याने शेजारच्या सुताराला हाक मारली. सुतार समितीचा सभासद.

"सभासद म्हणून माझा याला सक्त विरोध आहे," सुतार म्हणाला. "तू ती बाजू धर." आणि त्याने चौकटीला करवत लावली, मग भिंतीला पहार.

म्हातारी वाचली. शिंप्यावर कारवाई करायला समिती जमली, पण तोवर गावातल्या गाइडने ते खिंडार पाहुण्यांना दाखवून टाकलं होतं. तोफगोळ्याने पडलं, असं त्याने सांगितलं. पाहुणे गहिवरले. समितीने जागेची पाहणी केली, तीही गहिवरली आणि ठराव झाला: खिंडार हा गावाच्या शौर्याचा ठेवा असून तिथे दार बसवू नये.

घरी परतलेल्या म्हातारीने खाटेवरूनच गाइडला विचारलं, "शत्रू कोण होता रे?"

"ते अजून ठरायचंय, आजी."

वारा थेट खाटेवर येई. म्हातारीला खोकला लागला. शिंप्याने जाड पडदा शिवून लावला. गुरुजींनी स्वतः येऊन तो उतरवला. पडदे त्या काळी नव्हते, म्हणाले.

"थंडी मात्र त्या काळची चालते," म्हातारी म्हणाली. गुरुजींनी हे वाक्य फार आवडल्याचं सांगितलं.

पाहुणे खिंडारातून फोटो काढतात. एका बाईंनी सुचवलं, "आजी, जरा बाहेर बघा ना, कुणाची तरी वाट बघताय असं." म्हातारी खरंच वाट बघत होती, बाई बाजूला झाल्या असत्या तर ऊन आत आलं असतं.

तो फोटो तुम्ही पाहिलाय. खाली "असं निवांत आयुष्य हवं" असंही लिहिलंत. मग उठून खिडकी लावून घेतलीत, कारण वारा गार होता.