लाल गोळीची फेरतपासणी

घरातील सर्वांच्या दातांची तपासणी करायची, आणि ती त्याच सकाळी करायची, हा निर्णय निरीक्षकांनी चहाच्या दुसऱ्या घोटाबरोबर घेतला. अकरा वाजता कारखान्यात त्यांची मुख्य निरीक्षकपदासाठी मुलाखत होती. अशा सकाळी शहाण्या माणसाने इस्त्रीचा सदरा घालावा आणि गप्प बसावे. परंतु बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षे पट्ट्याशेजारी उभे राहून, सरकत जाणाऱ्या काचेतले बुडबुडे हेरणाऱ्या माणसाला गप्प बसणे कोणी शिकवलेले नसते. (हे पद आजवर दोनदा हुकले होते. दोन्ही वेळी शेरा एकच होता: ‘कामात चोख, तोंडाने फटकळ.’ निरीक्षकांनी दोन्ही वेळी स्वल्पविरामापर्यंतच वाचले.)

निमित्त आदल्या संध्याकाळचे. मुलीची किडलेली दाढ भरून झाल्यावर दातांच्या डॉक्टरांनी घरच्यांसाठी सहा लाल गोळ्यांची एक पट्टी दिली होती. गोळी चघळायची, दातांवर न घासलेला चिकट थर जिथे असेल तिथे रंग धरतो, तो जाईपर्यंत हलक्या हाताने ब्रश फिरवायचा. माणशी एकच गोळी. ‘माणशी एकच’ हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले होते, पण त्या वेळी निरीक्षक त्यांना त्यांच्याच खुर्चीचा सैल झालेला स्क्रू दाखवत होते.

“दात किडणं हे तुझ्या माहेरचं देणं,” निरीक्षक पत्नीला म्हणाले. “आज पुराव्यानिशी सिद्ध होईल.”

“आणि तुमचे दात?”

“ते प्रमाण नमुना म्हणून. इतरांची तुलना ज्याच्याशी करायची तो.”

“नमुना आहात, एवढं मान्य,” पत्नी म्हणाली. “आधी आंघोळ उरका.”

आंघोळ राहिली, बेसिनपुढे रांग लागली. मुलीच्या तीन दाढा लाल निघाल्या. त्यांची वहीत नोंद झाली आणि तिला वाढत्या वयातील शिस्तीवर चार वाक्ये ऐकवण्यात आली. पत्नीच्या खालच्या दातांमागे केसाएवढी रेघ सापडली; निरीक्षकांनी ती ‘माहेर’ या सदराखाली लिहिली. त्यांच्या आईने गोळी परत केली.

“माझे दात रात्रभर वाटीत पाण्यात असतात,” ती म्हणाली. “सकाळी हातात घेऊन चारी बाजूंनी घासते. तुमच्यासारखं अंधारात चाचपडत नाही.”

मग प्रमाण नमुन्याने गोळी चघळली, चूळ भरली आणि आरशासमोर प्रसन्न मुद्रेने ओठ फाकवले. आरशात नुकतेच रंगवलेले कुंपण होते. ‘ओला रंग, हात लावू नये’ ही पाटी तेवढी लावायची राहिली होती.

“बाबा,” मुलीने अत्यंत आदराने विचारले, “यात दात कुठले?”

निरीक्षकांनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या मते एकमेव संभाव्य निष्कर्ष काढला. “गोळ्यांचा साठा सदोष आहे.”

कारखान्याचा नियम असा, की नमुना नापास झाला तर निकाल लगेच मान्य करायचा नाही. तीच चाचणी आणखी तीनदा घ्यायची. (बाटलीच स्वतःची चाचणी घेईल, ही शक्यता नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.) निरीक्षकांनी मधे ब्रश न लावता दुसरी गोळी चघळली. मग तिसरी.

“अहो, एक गोळी खोटं बोलते म्हणून आणखी किती गोळ्यांची साक्ष काढणार?”

चौथी साक्ष झाल्यावर जीभ, ओठ, हिरड्या आणि हनुवटीवरचा एक ओघळ यांचे पूर्ण एकमत झाले. घड्याळात पावणेदहा वाजले होते. आणि मुलाखत ही तोंडाने द्यावयाची गोष्ट आहे, हे निरीक्षकांना आता कुठे आठवले.

त्यांनी ब्रश दोन्ही हातांनी धरला.

“हळू! दात आहेत ते, करपलेलं पातेलं नाही!” पत्नी ओरडली आणि तिने डॉक्टरांना फोन लावून यांच्या कानाला टेकवला.

“किती घेतल्या?” डॉक्टरांनी विचारले.

“चार.”

“चौघांनी मिळून ना?”

“एकट्याने.”

पलीकडे कोणीतरी हसू आवरत असल्याचा आवाज झाला. “ब्रश हिरडीशी तिरका धरा. हलका, गोल फिरवा. आतली बाजू विसरू नका. पूर्ण दोन मिनिटं. दात स्वच्छ होतील. ओठ साबणाने निघतील. जीभ आणि हिरड्या संध्याकाळपर्यंत आपोआप.”

“मुलाखत अकराला आहे.”

“मग कमी बोला,” डॉक्टर म्हणाले.

दोन मिनिटे किती लांब असतात, हे निरीक्षकांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कळले. आजवर ते ब्रश तोंडात घालून वर्तमानपत्राचे मथळे वाचत आणि मथळे संपले की चूळ भरत. ज्या दिवशी जगात विशेष काही घडत नसे, त्या दिवशी त्यांच्या दाढांकडे कोणी फिरकतही नसे.

मुलाखत समितीत तिघे होते: कारखान्याच्या महाव्यवस्थापक बाई आणि दोन व्यवस्थापक. निरीक्षकांनी ओठ मिटूनच नमस्कार केला. प्रश्नांना ते मान हलवून, भुवई उंचावून किंवा गंभीरपणे हुंकार देऊन उत्तर देऊ लागले. दहा मिनिटांत समितीवर विलक्षण परिणाम झाला.

“तुम्ही फार बोलता, असं ऐकलं होतं,” बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी खेदपूर्वक मान हलवली.

“शेवटचा प्रश्न. तुम्ही पास केलेल्या मालाबद्दल तक्रार आली, तर पहिला संशय कोणावर घ्याल?”

निरीक्षकांनी एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवले. दोन्ही व्यवस्थापकांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिले.

“वा! जरा सविस्तर सांगा.”

सविस्तर हुंकार देता येत नाही. निरीक्षकांनी तोंड उघडले.

“अरे देवा, रक्त!” एक व्यवस्थापक उठून पाणी आणायला धावले.

“रक्त नाही, मॅडम,” निरीक्षक म्हणाले. “मळ आहे. माझाच.”

आणि मग, आयुष्यात प्रथमच, त्यांनी गोळ्यांना, डॉक्टरांना किंवा कोणाच्या माहेराला दोष न देता सारी हकीकत सांगितली. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “स्वतःचा दोष असा तोंड उघडून दाखवणारा माणूस मी इथे पहिल्यांदा पाहते आहे,” असे म्हणत त्यांनी समोरचा कागद ओढला, पेनाचे टोपण काढले आणि निरीक्षकांच्या नावापुढे पेन टेकवले. पद अवघ्या एका सहीवर आले होते.

पण बाईंचे हसू अजून ओसरले नव्हते. खिडकीतला प्रकाश नेमका तोंडात पडत होता. बावीस वर्षे सराव झालेली नजर जिथे जायची तिथेच गेली.

“मॅडम,” निरीक्षक आपुलकीने म्हणाले, “तुमच्या खालच्या पुढच्या दातांना आतून किटण आहे. बरंच जुनं दिसतं.”

पेन थांबले.

“उजवीकडे जास्त,” त्यांनी नोंद पूर्ण केली.

सोमवारी सूचनाफलकावर मुख्य निरीक्षक म्हणून प्रयोगशाळेतील एका मितभाषी बाईंचे नाव लागले. गुरुवारी निरीक्षकांच्या नावे महाव्यवस्थापकांच्या सहीचा लिफाफा आला. निर्णय बदलला असणार, अशा खात्रीने त्यांनी तो घरी आणला आणि सर्वांना जवळ बोलावून मोठ्याने वाचला:

‘आपल्या सूचनेनुसार किटण काढून घेतले. ते डावीकडे जास्त निघाले. समोरच्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते, हे निरीक्षकाने लक्षात ठेवावे.’